शत्रूसाठी बांधलेली पायरी

"तू हो पुढे. मी येतो मागून," गुरुनाथ म्हणाला आणि मनोऱ्याच्या दारातून बाजूला सरला.

"मागून कशाला? आज दोघंच तर आहोत."

"दोघांतही एक शेवटचा असतोच. चल, वारा वाढायच्या आत वर पोचू."

मी दारातून आत डोकावले. बाहेर एप्रिलअखेरचं लख्ख ऊन होतं, आत मात्र काळोख आणि ओल्या दगडाचा गार वास. पायऱ्या गोल गोल वर जात अंधारात दिसेनाशा होत होत्या. हा न्यूझीलंडमधल्या व्हांगानुई गावचा युद्धस्मारकाचा मनोरा. पहिल्या महायुद्धात या भागातली जी मुलं गेली आणि परत आली नाहीत, त्यांच्यासाठी बांधलेला. अँझॅक डे, म्हणजे इथला सैनिकांचा स्मरणदिन, नुकताच होऊन गेला होता. दाराशी ठेवलेल्या लाल पॉपींच्या पुष्पचक्रांतलं एक वाऱ्याने उलटं पडलं होतं. गुरुनाथने वाकून ते सरळ केलं. करताना उजव्या हातातून ते दोनदा निसटलं, मग त्याने डावा हात लावला. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. गेले दोन महिने माझा हाच उद्योग चालू होता.

चढताना म्होरक्याने सगळ्यांच्या मागे राहायचं, म्हणजे कुणी मागे सुटत नाही. उतरताना सगळ्यांच्या पुढे, म्हणजे कुणी घसरलंच तर आपल्यावर येऊन अडकतं. गुरुनाथचा हा नियम मी लग्नाआधीपासून ऐकते आहे. पुण्यात असताना तो दर रविवारी पोरापोरींना घेऊन सह्याद्रीत जायचा. अशाच एका रविवारी धापा टाकत सगळ्यांच्या मागे रेंगाळणारी मुलगी मी होते, म्हणून आमचं बोलणं झालं. मी पुढे पळणाऱ्यांतली असते, तर आज दुसऱ्याच कुणाचा तरी संसार करत असते.

पुढे आम्ही न्यूझीलंडला आलो आणि सह्याद्री संपला. पामर्स्टन नॉर्थच्या एका संशोधन संस्थेत शीतगृहं आणि फ्रीजर सांभाळायची नोकरी त्याला लागली. तीच तो आजतागायत करतो आहे. त्याचं नाव कधी कुठल्या भिंतीवर लागलं नाही. फ्रीजर चालू असला की तो चालू ठेवणाऱ्या माणसाची कुणाला आठवण येत नाही, आणि त्याचे फ्रीजर सहसा बंद पडत नाहीत. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार असलीच तर एवढीच, की या देशात डोंगर इथल्या भाषेत 'हीप्स', ढिगाने आहेत, पण त्यांतल्या एकावरही किल्ला नाही.

मग आमची अनुया फार्मसिस्ट होऊन आयर्लंडला गेली, लिमरिकला. झालं! किल्ल्यांचं भूत पुन्हा गुरुनाथच्या मानगुटीवर बसलं. रोज जेवण झालं की टीव्हीवर आयर्लंडचे किल्ले. कुठला किल्ला लोकांसाठी उघडा आहे, कुठे नुसतं तळमजल्यावर फिरवून बाहेर काढतात, कुठे थेट माथ्यावर सोडतात, सगळं त्याला पाठ. ट्रिमला गाईडबरोबरच वर जायचं. ब्लार्नीला माथ्यावर पाठीवर उताणं पडून एका दगडाचा मुका घ्यायचा. "हे कसले किल्ले, नीला! आपल्या एकेका माचीत असे दहा मावतील," असं हिणवायचं आणि पुन्हा तोच व्हिडिओ लावायचा.

एके दिवशी त्याने मला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं. त्या बुरुजांच्या जिन्यांत म्हणे एखादी पायरी मुद्दाम जास्त उंच बांधायचे. घरच्या माणसांना ती पाठ असायची. अंधारात वर धावत येणारा शत्रू मात्र नेमका तिथे ठेचकाळायचा.

"आहे की नाही डोकं?" गुरुनाथ खुशीत म्हणाला. "तलवार नको, काही नको. नुसती एक पायरी!"

आमच्या घरातल्या सपाट गालिच्यावर ठेचकाळणारा माणूस मी रोज बघत होते.

सुरुवात जँडलपासून झाली. इथे रबरी स्लिपरला जँडल म्हणतात. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला गेला की त्याची उजव्या पायातली जँडल निसटायची. "सेलमधला माल," म्हणून त्याने नवा जोड आणला. तोही निसटायला लागला. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. मग एका दुपारी तो बनियनवर कोचावर झोपला होता, तर दंडाच्या कातडीखाली मुंग्या फिराव्यात तसं काहीतरी सारखं थरथरत होतं. तो गाढ झोपेत, आणि दंड जागा. मी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मी नर्स आहे. ज्या वॉर्डात मी काम करते, तिथे अशी माणसं येतात. मज्जातंतूंचं दुखणं असतं. आधी एक पाय, मग हात, मग दुसरा पाय, मग बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत लख्ख, त्यामुळे आपलं काय काय गेलं हे माणसाला नीट कळत राहतं. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात. हा आमच्याकडे मुंगीच्या पावलाने आला होता, आणि यातून परत गेलेला कुणी मी पाहिलेला नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, असंही मी स्वतःला बजावून पाहिलं. पण ही नुसती चिंता नव्हती, हे माझ्या हातांना कळत होतं.

डॉक्टर रोगाचं नाव सांगून गेले की मागे थांबून, खुर्ची पुढे ओढून, नातेवाइकांना तेच पुन्हा सावकाश समजावून सांगायचं, हे माझं रोजचं काम. पण स्वतःच्या घरात माझी जीभ उचलेना. आमच्या आईने लहानपणापासून डोक्यात भरवलेलं, की घरात वास्तुपुरुष बसलेला असतो आणि तो सारखा 'तथास्तु' म्हणत असतो. घरात अभद्र बोललं आणि नेमकं त्याच क्षणी त्याने तथास्तु म्हटलं, की संपलं. हसा खुशाल. मीही आईला हसायची. पण स्वयंपाकघरात गुरुनाथसमोर उभं राहून ते नाव उच्चारायची माझी छाती होईना. गाडीत सांगावं, तर डॅशबोर्डवर गणपती. म्हणून तो जेव्हा म्हणाला, "व्हांगानुईचा मनोरा चढून बघू, आयर्लंडची रंगीत तालीम," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. घरापासून लांब, उघड्या माळावर सांगून टाकू, असं ठरवलं.

आयर्लंडचं विमान तीन आठवड्यांवर होतं. "डॉक्टरला पाय दाखवून ये," म्हटलं की "अनुयाकडून आल्यावर" हे ठरलेलं उत्तर. सांगितलं, तर तपासण्यांच्या रांगेत आयर्लंड जाणार. नाही सांगितलं, तर तो लेकीबरोबर कुठल्यातरी काळोख्या जिन्यात चढणार आणि पडणार. कसंही केलं तरी त्याला पाडणारी मीच.

येताना गाडी मी चालवली. किल्ली आदल्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये होती. "काय गं, माझ्यावर विश्वास नाही?" असं त्याने बुल्स गावापाशी विचारलं आणि मी रेडिओ मोठा केला.

तर मी पुढे झाले. जिना अरुंद होता. थोड्याच पायऱ्यांत दाराचा उजेड मागे राहिला. मी पुढे, तो मागे, त्यामुळे मला तो दिसत नव्हता. नुसता ऐकू येत होता. डाव्या पायाचं पाऊल नीट वाजायचं. उजव्याचं नाही. आधी पंजा दगडाला घासल्याचा आवाज, मग बूट फटकन आपटल्याचा. हा आवाज मी वॉर्डाच्या पॅसेजमध्ये पाठमोरी असतानाही ओळखते. गोल भिंतीत तो खालून वर, वरून खाली फिरत होता. मध्येच वाटायचं, मागून एक नाही, दोन माणसं येताहेत, आणि दुसरं माणूस पाय ओढत येतंय.

"थांबू का?" मी न वळता विचारलं.

"चल गं तू! दमलीस होय?"

त्याला धाप लागली होती. ज्या माणसाने माझी आणि स्वतःची अशा दोन्ही सॅक पाठीवर घेऊन मला गडावर नेलं, त्याला या मनोऱ्यात धाप लागली होती. शेवटी राहायचा हा नियम आता त्याच्या किती सोयीचा झाला आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. शेवटच्या माणसाचे पाय कुणी बघत नाही. तो मुद्दाम लपवत होता की त्याचं त्यालाही कळत नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

माथ्यावर वारा असा होता की ओढणी तोंडावर येऊन चिकटली. खाली तपकिरी नदी वळण घेत समुद्राकडे चालली होती. एक आजी आपल्या दोन नातींना उचलून उचलून नदी दाखवत होत्या. "किया ओरा," आजींनी माओरीत नमस्कार केला. आम्हीही म्हणालो. गुरुनाथ कठड्याला टेकून उभा होता. चेहरा घामाने डबडबलेला, पण खूश.

"बघ! आलो की नाही? ही तालीम पास." मग त्याने फोन काढून सकाळी आलेला अनुयाचा व्हॉइस मेसेज मला पुन्हा ऐकवला. "बाबा, कॅसलची तिकिटं बुक केलीयेत. राइट टू द टॉप! पण स्टेअर्स सुपर नॅरो आहेत हां. यू बेटर बी फिट!"

आता सांगायला हवं, असं मी मनाशी म्हटलं. घर लांब होतं, डोक्यावर छत नव्हतं.

"गुरू, आयर्लंडमध्ये समजा तू पडलास तर?"

"शुभ बोल रे नाऱ्या!" तो मोठ्याने हसला. "एवढ्या वर आणून असलं बोलतेस? चल, फोटो काढ माझा. अनुयाला पाठवू."

मी फोटो काढला. त्यात तो दोन्ही हात पसरून उभा आहे. उजवा हात डाव्यापेक्षा खाली आहे. माझा धीर तिथेच सुटला.

उतरताना नियम उलटा. तो पुढे, मी वर. आता मला सगळं दिसत होतं. भिंतीतल्या फटींतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात त्याचा उजवा बूट यायचा आणि जायचा. पाय उचलला की पंजा खाली लोंबायचा. बुटाचं टोक घासून पांढरं झालं होतं. मी एक हात पुढे धरून उतरत होते, जणू मी त्याला धरू शकणार होते.

अर्ध्या वाटेत तो गेला. पंजा पायरीच्या कडेला अडकला, गुडघा दुमडला, उजवा हात कठड्यावर पडला पण बोटं मिटलीच नाहीत. खांदा धाडकन भिंतीवर आदळला म्हणून तो थांबला, नाहीतर अंधारात कुठवर गेला असता कुणास ठाऊक. मी किंचाळले. ती किंकाळी वर माथ्यापर्यंत जाऊन परत आली.

"काही नाही, काही नाही!" तो भिंतीला धरून म्हणाला. मग खाली बघून चक्क हसला. "नीला, ही पायरी बघ. ही उंच आहे. मुद्दाम केलीय! अगं, इथेपण तीच युक्ती केली या लोकांनी!"

त्याचा आवाज इतका आनंदी होता की मला 'हो' म्हणायचा मोह झाला. हो म्हटलं असतं तर आम्ही हसत खाली गेलो असतो, रस्त्यात बेकरीपाशी थांबून काही खाल्लं असतं, तीन आठवड्यांनी विमानात बसलो असतो. मी त्याच्या मागच्या पायरीवर बसले आणि हाताची वीत लावली. त्या पायरीला लावली. वरच्या पायरीला लावली. मग वाकून त्याच्या खालच्या पायरीलाही लावली.

"नाही गुरू. सगळ्या सारख्या आहेत."

"असं कसं? नीट बघ ना."

"बघितलं. पायरीत काही नाही. तुझ्या पायात आहे."

त्याने फोनचा दिवा लावला आणि स्वतः पायऱ्या पाहिल्या. मग तोच उजेड त्याने आपल्या उजव्या हातावर टाकला. अंगठा आणि बोटाच्या मधला फुगीर भाग खोल बसला होता. तो बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग दिवा बंद करून पायरीवर बसला.

"मला वाटलं वय झालं," तो म्हणाला. "तू वॉर्डात बघतेस का हे?"

"हो."

"बरं होतं?"

"नाही."

मला रडू फुटलं. रोज परक्यांना सांगताना कधी फुटत नाही. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डावा.

"नाव काय त्याचं?"

"घरी गेल्यावर... नको, घरी नको. खाली गाडीपाशी सांगते. गाडीत नाही, बाहेर."

"वास्तुपुरुष?"

मी मान हलवली. अंधारात त्याला दिसली नसेल, पण त्याला कळलं.

"कधीपासून माहितीय तुला?"

"जँडल निसटायला लागली तेव्हापासून."

"म्हणून गाडीची किल्ली पर्समध्ये." त्याने मोठा श्वास घेतला. "एवढं सगळं एकटी धरून बसलीस? मला सांगायचंस की गं. मी काय पळून जाणार होतो?"

वरून त्या आजी आणि नाती उतरत असल्याचे आवाज यायला लागले. मुलींची बडबड भिंतींवर आपटत गोल गोल खाली येत होती.

"अनुयाकडे?" त्याने विचारलं.

"आधी तपासण्या. मी उद्याच बोलते. मग जाऊ. जाता येईल, गुरू. वर चढता येईल, असं मात्र मी सांगू शकत नाही."

त्याने बुटाचं घासलेलं टोक चाचपलं. मग म्हणाला, "खालून बघू आपण. खालूनही बरे दिसत असतील."

असं वाक्य त्याच्या तोंडून मी कधी ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. त्यापेक्षा तो ओरडला असता, माझ्यावर चिडला असता, तर बरं झालं असतं.

"आता उतरायचं कसं?" त्याने विचारलं. म्होरक्या मला वाट विचारत होता.

"बसून. बसूनच खाली सरक. दोन्ही पाय आधी खाली, मग अंग. एक पायरी झाली की थांब." माझा वॉर्डातला आवाज आपोआप आला.

तो सरकायला लागला. वळणावरून त्या दोन मुली आल्या आणि थबकल्या. दोघींच्या पायांत गमबूट होते. मी त्यांना पुढे जायची खूण केली, पण तेवढी जागा नव्हती. धाकटीने गुरुनाथकडे नीट निरखून पाहिलं.

"नॅन, कॅन वी डू इट लाइक हिम?"

आणि उत्तराची वाट न बघता दोघी फतकल मारून बसल्या आणि सरकायला लागल्या. या मनोऱ्यात असंच उतरायचं असतं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्या आजी माझ्याकडे बघत होत्या. माझा चेहरा बघून त्यांना जे कळायचं ते कळलं. "स्वीट ॲज," काही हरकत नाही अशा अर्थाने त्या हलकेच म्हणाल्या. "टेक योर टाइम, लव्ह."

"वन स्टेप, देन स्टॉप!" खालून गुरुनाथचा आवाज आला. "होल्ड द वॉल. नो पुशिंग!" मुली खिदळत होत्या आणि तो प्रत्येक पायरीला थांबून, मान वळवून, त्या दोघी नीट बसल्या आहेत ना हे बघत होता. त्याची पँट दगडावर घासल्याचा आवाज, मग त्यांच्या गमबुटांचा, मग पुन्हा त्याचा. असे आम्ही खाली आलो.

बाहेर उन्हाने डोळे दिपले. दाराची चौकट धरून गुरुनाथ उठला. तीन वेळा प्रयत्न करावा लागला. मी पुढे झाले नाही, कारण त्या मुली बघत होत्या. त्या दोघींनी आपापली मागची बाजू झटकली आणि पळाल्या. आजींनी वळून हात केला.

"थँक यू फॉर लुकिंग आफ्टर देम!"

"नो वरीज," गुरुनाथ म्हणाला. "एनी टाइम."

त्याची पँट मागून धुळीने पांढरी झाली होती. त्याने उजवा हात मागे नेला, पण तो पुरेसा मागे जाईना. चारचौघांत मी त्याला हात लावलेला त्याला कधी खपला नाही, सव्वीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही. मी त्याच्या मागे गेले आणि धूळ झटकायला लागले. तो भिंतीला एक हात लावून, समोर नदीकडे बघत, माझं होईपर्यंत सरळ उभा राहिला.